मागणे एक, हवे दुसरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींपुढे केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी मागे, चहाच्या पातेल्याजवळ असते. भाषणे तिथूनच ऐकते आणि टाळ्या वाजल्या की कप भरायला घेते. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं पोळ्यांचा धंदा चालवताय. गिऱ्हाईक कसं राखायचं, ते चार शब्दांत सांगा." मी म्हटले, "अहो, माझं शिक्षण सातवी. आमच्या कोकणातल्या गावात शाळाच तेवढी होती. पुढच्या शाळेला जायचं तर नदी ओलांडायची आणि पावसाळ्यात साकव वाहून जायचा. मी काय भाषण करणार?" त्या हसून म्हणाल्या, "आम्हाला भाषण नकोच आहे. तुमचं काय काय चुकलं, ते सांगा."

हे मात्र मला जमण्यासारखे होते. चुकांची शिल्लक माझ्याजवळ पुष्कळ आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊकच आहे की, २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि यांचा कारखाना बंद झाला. तो पुन्हा सुरू झाला तो अर्ध्या कामावर आणि अर्ध्या पगारावर. घरात माणसे पाच. सासूबाई, आम्ही दोघे, मुलगी आणि मुलगा. डोंबिवलीत घराचा हप्ता कोणासाठी थांबत नाही, हे मी सांगायला नको. दसऱ्याच्या दिवशी मी यांना म्हटले, "दिवाळीचं फराळ करून विकते." हे काहीच बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ मी 'हो' असा घेतला. तोही चुकीचाच होता, पण ते पुढे सांगेन.

माझ्या हातची चकली आमच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे नावाजलेली. भाजणी नीट भाजलेली, मोहन बेताचे, आणि काटे असे की मोजून घ्यावेत. दहा किलो चकली केली आणि किलोकिलोच्या पिशव्या भरल्या. दिवाळी होऊन गेली तेव्हा त्यातली सहा किलो घरात होती. मुलांनी तुळशीच्या लग्नापर्यंत चहाबरोबर चकली खाल्ली. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, आता चकली बघितली तरी दात दुखतात."

त्या वेळी मी शेजाऱ्यांना नावे ठेवली. लोकांना चवच राहिली नाही, असे म्हटले. नाचता येईना अंगण वाकडे, तशातली गत! खरी गोष्ट अशी होती की, त्या वर्षी सगळे घरीच होते. ज्या बायकांना एरवी फराळाला सवड मिळत नाही, त्यांनी त्या साली हौसेने घरी फराळ केले. कचेऱ्या बंद, म्हणून डबा भरून न्यायचा नाही. पाहुणे नाहीत, म्हणून ताटली पुढे करायची नाही. मग किलोभर चकली घेऊन कोणी काय करावे? मला जे उत्तम येते ते विकायला मी निघाले होते. समोरच्या घरात काय उणे आहे, ते मी पाहिलेच नव्हते.

ते पाहायला मला माझ्या घरातल्या माणसांनी शिकवले, आणि तेही न शिकवता. आज त्याच तीन-चार गोष्टी सांगणार आहे.

पहिली गोष्ट मुलीच्या डब्याची. शाळा पुन्हा भरू लागल्यावर तिचा डबा रोज अर्धा परत येऊ लागला. मेथीचा पराठा तिच्या आवडीचा, तोही परत. विचारले की उत्तर एकच, "नाही आवडला." मी बटाट्याचा केला, पनीरचा केला. एकदा रागाने शेवयाही दिल्या. सगळे अर्धे परत. एक दिवस तिची मैत्रीण घरी आली होती. तिला मी सहज विचारले, "तुम्ही मधल्या सुट्टीत कशा गं बसता?" ती म्हणाली, "काकू, आम्ही सहाजणी गोल बसतो आणि सगळ्यांच्या डब्यातलं सगळ्या खातो." मग माझ्या ध्यानात आले. माझा पराठा अखंड, तळहाताएवढा जाड. तो तोडायला बसले तर सुट्टी संपणार, आणि न तोडला तर मैत्रिणींना द्यायचा कसा? दुसऱ्या दिवशी तोच मेथीचा पराठा सुरीने आठ तुकडे करून दिला. डबा चाटूनपुसून परत आला. चवीत काडीचा फरक केला नव्हता.

मुलगी खोटे बोलली नव्हती. तिला कारण नीट सांगता येत नव्हते, म्हणून तिने जवळचा शब्द वापरला. गिऱ्हाईकही तसेच करते. "महाग आहे", "आवडलं नाही", "पुढच्या वेळी बघू" हे सगळे जवळचे शब्द असतात. तेवढ्यावर भाव उतरवायला किंवा मसाला वाढवायला धावू नये. ती वस्तू त्या माणसाच्या हातात गेल्यावर तिचे काय होते, ते आधी विचारावे. पुढच्या दिवाळीला मी किलोच्या पिशव्या बंद केल्या. पाव किलोच्या पुड्या केल्या, चकलीही आकाराने लहान केली. कचेरीत नेऊन चार टेबलांवर वाटता येईल अशी. ती चकली दिवाळीच्या आधीच संपली.

दुसरी गोष्ट यांची. संध्याकाळी मी विचारणार, "भाजी कुठली करू?" आणि हे म्हणणार, "काहीही कर." हा संवाद आपल्यापैकी कोणाच्या घरी होत नाही? घरोघरी मातीच्या चुली! मला या 'काहीही'चा फार राग यायचा. वाटायचे, माझ्या कष्टांची यांना किंमत नाही. एकदा भांडणच झाले. तेव्हा हे म्हणाले, "अगं, दिवसभर कारखान्यात हे करू का ते करू, हेच चाललेलं असतं. घरी आल्यावर आणखी एक ठरवायला लावू नकोस. तू वाढशील ते मी खाईन."

त्याच सुमारास मी चकलीचा नाद सोडून पोळी-भाजी सुरू केली होती. पोळी-भाजी केंद्रे आमच्या डोंबिवलीला नवीन नाहीत. पहाटेची गाडी धरून मुंबईला जाणाऱ्या बायकांचे हे गाव, त्यामुळे संध्याकाळी परतताना पोळ्या घेऊन घरी जायची रीत इथे जुनी आहे. ऑगस्ट २०२१मध्ये दोन लसी घेतलेल्यांना लोकल खुली झाली आणि ती धावपळ पुन्हा सुरू झाली. मी मोबाईलवरच्या गटात रोज सकाळी बावीस भाज्यांची यादी पाठवत असे, आणि वर लिहीत असे, 'हवी ती सांगा, करून मिळेल.' मला वाटे, केवढी सोय केली! उत्तरे यायची तीन किंवा चार.

यांच्या 'काहीही'चा अर्थ कळला आणि मी यादी फाडली. रविवारी आठवड्याच्या भाज्या ठरवून कळवू लागले. सोमवारी मटकीची उसळ, मंगळवारी फ्लॉवर-बटाटा, बुधवारी मेथीची पळीवाढी, असे. खाली एवढेच, 'ज्यांना नको असेल त्यांनी दुपारी बारापर्यंत कळवावे.' दोन आठवड्यांत चौदा घरे बांधली गेली. त्या बायकांना बावीस भाज्या नको होत्या. 'आज काय करायचं' हा रोजचा प्रश्न कोणीतरी आपल्या डोक्यावरून उतरवावा, एवढेच हवे होते. त्यातल्या एका बाईंनी मला सांगितले, "तुमची भाजी बरी असते, पण ठाण्याला गाडीत बसायला मिळालं की आज घरी काय आहे ते मला ठाऊक असतं, हे सुख मोठं आहे." माझी भाजी नुसती बरी असते, हे ऐकून जरा लागले. पण गिऱ्हाईक का टिकले, ते कळले.

आता पोळीविषयी. सगळ्याजणी म्हणायच्या, "पोळी मऊ हवी." माझी पोळी तव्यावरून उतरताना कापसासारखी असते. घडीची करते, आत तेलाचा हात आणि वर किंचित पीठ. कणीक अर्धा तास तरी भिजत ठेवते. तरी तक्रार यायची. मग लक्षात आले की, मी पोळी तपासते तव्याशी आणि त्या खातात सहा-सात तासांनी. माझ्या पोळ्या गरमागरम पिशवीत भरल्या जात. वाफ आत कोंडे, खालच्या पोळ्या ओल्या होत आणि वरच्या वातड. आता प्रत्येक पोळी आधी जाळीवर टाकते. वाफ गेली, पण ऊब आहे, अशा वेळी सुती फडक्यात गुंडाळते आणि मगच बांधते. हे शोधायला मी काय केले असेल? माझ्याच पोळ्या बांधून ठेवल्या आणि दुपारी एक वाजता स्वतः थंड खाल्ल्या. आपण घरच्या बायका सगळ्यांना वाढून शेवटी गारच खातो, तरी ही गोष्ट सुचायला मला आठ महिने लागले.

तिसरी गोष्ट सासूबाईंची. त्या आज समोर बसल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीने सांगते आहे. त्या टाळेबंदीच्या वर्षी त्या रोज जेवताना म्हणायच्या, "पोळी कडक झाली गं." मी आणखी मऊ केली. दुधात भिजवली. तरी "कडक". मनात आले, सुनेच्या पोळीला नाव ठेवायची ही जुनी खोड. एकदा तर मी ताटाशीच म्हणाले, "सगळं गाव माझ्या पोळ्या खाऊन राहिलंय, तुम्हालाच तेवढ्या कडक लागतात!" त्या काही बोलल्या नाहीत. उठून गेल्या.

चार दिवसांनी मी रात्री पाणी प्यायला उठले, तर सासूबाई अंधारात ओट्याशी उभ्या. वाटीत पोळी कुस्करून, पाणी घालून, हळूहळू गिळत होत्या. दाढांचे दुखणे कितीतरी महिन्यांचे. मी म्हटले, "आई, सांगायचं नाही का?" त्या म्हणाल्या, "त्याचा पगार अर्धा. त्यात माझे दात कुठे काढता?"

भगिनींनो, 'पोळी कडक झाली' या चार महिन्यांच्या कुरकुरीत एवढेच होते. ती पोळीची तक्रार नव्हतीच. ज्याचे जळते त्याला कळते, असे म्हणतात; पण ज्याचे जळते तो ते सांगेलच असे नाही. पोळ्यांच्या पैशातून आमच्या घरात पहिला मोठा खर्च झाला तो सासूबाईंच्या कवळीचा. कवळी बसल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी पोळी खाल्ली आणि म्हणाल्या, "पातळ लाटत जा जरा." ती तक्रार मात्र खरीच होती. मी त्या दिवसापासून पातळ लाटते, आणि माझ्या गिऱ्हाइकांनाही ती जास्त आवडते.

इतके शिकल्यावर माणूस शहाणा होतो, असे आपल्याला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. म्हणून आता जे सांगणार आहे, ते सांगायला मला बरे वाटत नाही. पण चिटणीसबाईंनी चुका सांगायला बोलावले आहे.

आमच्यापासून दोन इमारती पलीकडे एक आजोबा-आजी राहात. मुले परगावी. त्यांच्याकडे रोज संध्याकाळी सात वाजता सहा पोळ्या जात. माझी मुलगी पोचवत असे. मध्ये आजी आठ-दहा दिवस इस्पितळात आहेत असे ऐकले होते, आणि मग मी कामाच्या गडबडीत विचारायचे विसरले. आजोबांनी सहाच्या तीन पोळ्या केल्या, तीनच्या दोन केल्या. मला वाटले, दुसरीकडून घेऊ लागले असतील. त्या दिवसांत गव्हाचे आणि तेलाचे भाव चढले होते. मी फोन करून सांगितले, "आजोबा, दोन पोळ्यांसाठी एवढ्या लांब पाठवायला परवडत नाही हो. निदान पाच तरी घ्या." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरं, पाच पाठवा."

मी फोन ठेवला आणि वहीत पाच लिहिले. धंदा कसा करावा हे आपल्याला आता जमू लागले, असेही मनात आले.

आठवडाभराने मुलगी परत आली ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "आई, आजोबांच्या खिडकीत वाळलेल्या पोळ्यांचे तुकडे आहेत. कावळ्यांना घालतात. आणि आत आजींच्या तसबिरीला हार आहे."

मी चुलीवरचा तवा उतरवला आणि तशीच गेले. आजोबांनी दार उघडले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हटले, "तुम्ही मला सांगितलं का नाही? दोन दिल्या असत्या." ते म्हणाले, "तुमचा हिशेब चुकायला नको. आणि खरं सांगू का, पोळ्या बंद झाल्या असत्या तर सात वाजता दार कोणी वाजवलं असतं?"

आजोबांना पोळ्या नको होत्या, असे मी म्हणणार नाही. भूक कोणाला चुकली आहे? पण दोन पोळ्यांबरोबर त्यांना आणखी काहीतरी हवे होते, आणि ते मिळावे म्हणून ते तीन पोळ्यांचे जास्तीचे पैसे भरत होते. ते मी हिशेबाने घेतही होते. घरात सासूबाईंच्या बाबतीत जे शिकले होते, ते मी दोन इमारतींपलीकडे नेले नव्हते. सहाच्या तीन का झाल्या, हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. मी भाव सांगितला, प्रश्न विचारला नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक पोळीसुद्धा मिळते. परवडते कसे, असे आपण विचाराल, कारण दया वेगळी आणि धंदा वेगळा. त्याचे उत्तर यांनी काढले. आणि हीच माझी चौथी गोष्ट.

मी मघाशी म्हटले की यांच्या न बोलण्याचा अर्थ मी चुकीचा घेतला होता. माझा धंदा चालू लागला तसे हे कुरकुरू लागले. घरात तेलाचा वास येतो, फोन सारखा वाजतो, पिठाने जमीन घसरडी होते. मी खिडक्या उघड्या ठेवल्या, फोनचा आवाज बंद केला, जमीन दोनदा पुसली. कुरकुर थांबली नाही. आता एवढ्या ठेचा खाल्ल्यावर मला थोडी अक्कल आली होती. एका रात्री हिशेबाची वही यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "मला बेरीज जमते, पण कुठल्या घराला काय पडतं आणि काय उरतं, ते कळत नाही. तुम्ही बघाल का?" रात्री बारापर्यंत हे वहीत डोके घालून बसले होते. सकाळी कागदावर रस्त्यांचा नकाशाच काढून ठेवला. कुठल्या इमारतीतून कुठल्या इमारतीत जायचे म्हणजे एका फेरीत सगळी घरे होतील, असा. आजोबांची एक-दोन पोळ्यांची घरे त्याच वाटेवर बसली. किलोभर कणकेच्या पस्तीस-चाळीस पोळ्या होतात. त्यात दोन कमी-जास्त झाल्याने काही बुडत नाही, बुडते ते नुसत्या चालण्यात, हे यांनी मला आकड्यांनी दाखवले. तेव्हापासून संध्याकाळची फेरी हेच करतात. तेलाचा वास अजून येतो. तक्रार येत नाही.

कर्त्या पुरुषाला घरात बसावे लागले आणि बायकोचे चार पैसे येऊ लागले, तर त्याला काय हवे असते? त्याने तोंडाने सांगितले असते तर मी कदाचित वादच घातला असता. त्याला आपलाही हात लागावा, एवढे हवे होते.

आता घराबाहेरचा एक दाखला देते आणि संपवते. लिज्जत पापडाची गोष्ट आपण ऐकली असेल. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्या बायकांनी सुरुवातीला दोन प्रकारचे पापड काढले होते, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तातला. त्यांना पैसे देणारे छगनलाल पारेख, ज्यांना छगनबाप्पा म्हणत, त्यांनी सल्ला दिला की पापड एकच करा आणि त्याचा दर्जा कधी उतरू देऊ नका. मला हे फार पटते. आपल्याला वाटते, गिऱ्हाइकाला स्वस्त हवे. पण गृहिणीला पुडा फोडताना आत काय निघेल याची धास्ती नको असते. मागच्या वेळी होता तसाच पापड आज निघावा, हे तिचे मागणे असते, आणि ते ती दुकानात कधी बोलून दाखवत नाही.

तेल महागले त्या वर्षी मीही हलके तेल आणून पाहिले होते. पहिल्याच दिवशी तीन घरांतून विचारणा झाली, "आज बाई बदलली का?" कोणीही तेलाचे नाव काढले नाही. मी ते तेल परत केले आणि पोळीमागे एक रुपया वाढवला. का वाढवला, ते गटात सरळ लिहिले. एक घर सोडून गेले, बाकीची राहिली.

मात्र गिऱ्हाईक म्हणेल ते सगळे करावे, असा माझ्या बोलण्याचा अर्थ घेऊ नये. एकीला रात्री साडेदहाला पोळ्या हव्या होत्या, तिला मी नाही म्हटले. त्या वेळी मुलाचा अभ्यास असतो आणि माझी पाठही माझीच आहे. दुसऱ्याला काय हवे हे ओळखता ओळखता आपल्याला काय हवे, हे बायका विसरतात. मी अजून विसरते. यांनी एकदा विचारले, "तुला काय हवंय?" आणि माझ्या तोंडून काय निघावे? "काहीही!" मग दोघेही हसलो. आता रविवारी तवा चढत नाही. गिऱ्हाइकांना तसे सांगून ठेवले आहे, आणि कोणाचे अडलेले नाही.

भगिनींनो, आपल्यापैकी काहीजणी मसाले करतात, काहीजणी शिवण घेतात, काहीजणी बचत गटातर्फे प्रदर्शनात कुरडया-पापड मांडतात. माल पडून राहिला की आपण म्हणतो, बाजार वाईट आहे. बाजार असेलही वाईट. पण त्याआधी एक करून पाहावे. ज्या बाईने मागच्या वेळी घेतले आणि या वेळी घेतले नाही, तिच्या घरी सहज जावे. विकायला जाऊ नये, पिशवी घरीच ठेवावी. "कसं काय चाललंय?" एवढे विचारावे आणि गप्प बसावे. आपल्याला गप्प बसणे कठीण जाते, हे मी स्वतःवरून सांगते. पण ती आधी एक सांगेल, मग दुसरे सांगेल, आणि चहा होईपर्यंत तिसरे निघेल. ते तिसरे बहुतेक खरे असते.

आजोबांकडे अजून रोज दोन पोळ्या जातात. कधी ते एकच मागतात. यांना तिथे दहा मिनिटे जास्त लागतात, म्हणून फेरीच्या कागदावर त्या घरापुढे यांनी लाल पेन्सिलने तशी खूण केली आहे. पुढच्या घरच्या पोळ्या तेवढ्याने गार होत नाहीत, फडक्यात गुंडाळलेल्या असतात.

माझे बोलणे लांबले. चहाचे पातेले आज मी कोणावर सोपवले आहे, याची मला मघापासून काळजी लागली आहे.